एका कार्डावर दोन नावं

५ जानेवारी २०२५, रविवार

गुलाबी टी-शर्ट! चाळीस किलोमीटर. सायकलने ओरछ्यापर्यंत जायचं, परत यायचं आणि किल्ल्यासमोर पत्र्याची तलवार हातात धरून फोटो काढून घ्यायचा. नाव ‘रानी राइड’. पुरुषांना दोनशे किलोमीटर आणि आम्हाला तलवार.

सकाळी सदर बाजारातल्या सायकलच्या दुकानात क्लबची बैठक होती. क्लब निशांत चालवतो. मुलगा वाईट नाही, पण स्वतःला सगळ्या झाशीचा थोरला भाऊ समजतो. त्याने सोळा फेब्रुवारीच्या ‘दो सौ’ची माहिती दिली. झाशी, चिरगाव, गुरसराय, गरौठा, मऊरानीपूर, बरुआसागर, परत झाशी. सकाळी सहाला निघायचं, साडेतेरा तासांत परत. गुरसरायला आणि मऊरानीपूरला ठरल्या वेळेआधी पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा. एक मिनिट उशीर झाला तरी बाद. एवढं सांगून झाल्यावर हसून म्हणाला, “और लेडीज़ के लिए भी कुछ अच्छा सोचा है.”

मी उठले. किती वेळ बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं – जिच्या नावावर हे शहर पोट भरतं, ती घोड्यावर बसली तेव्हा तिला कुणी सांगितलं नव्हतं की लेडीज़साठी वेगळा, छोटा रस्ता आहे. दुकानात टाळ्या पडल्या. ट्यूब बदलणारा मेकॅनिकसुद्धा हात पुसून टाळ्या वाजवत होता.

निशांतचा चेहरा पडला. “दीदी, बात सेफ़्टी की है. गरौठा वाला रास्ता सुनसान है.” बरीच ओढाताण झाली. शेवटी म्हणाला, बायका दोनशे करू शकतात, पण जोडीने. एक कार्ड, त्यावर दोन नावं. प्रत्येक शिक्क्याला दोघी समोर हव्यात. एक थांबली की दुसरीही बाद. पुरुष मात्र खुशाल एकटे जाणार.

“यह नियम कब हटेगा?” मी विचारलं.

“जिस दिन एक जोड़ी टाइम में आ गई, उसी दिन. सबके सामने कह रहा हूँ.”

“लिखिए,” मी म्हटलं. पण तो लिहीपर्यंत थांबते कोण! त्याच्या हातातलं पेन घेऊन मीच लिहिलं – अनुसूया. वसुंधरा.

वसू दाराशी उकिडवी बसून तिच्या चाकात हवा भरत होती. नाव ऐकून तिने वर पाहिलं. टाळ्या चालूच होत्या.

६ जानेवारी

वसूला फोन केला. “ड्युटीवर आहे,” म्हणाली. रेल्वे हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीवर गर्दी असते, मान्य. पण संध्याकाळीही तिचा फोन नाही.

८ जानेवारी

श्रीकृष्ण जेवताना म्हणाले, “चोपन्नावं चालू आहे तुला.”

“माहीत आहे. त्रेपन्न वर्षं मी स्वतः हजर होते.”

“गुडघ्याचं बोलतोय मी, अनुसूया.”

“गुडघे माझेच आहेत. ते माझ्याशी बोलतील.”

नवरा भाजी वाढून घेत राहिला. छत्तीस वर्षं विमा विकलेला माणूस. धोका कुठे आहे एवढंच त्याला दिसतं. बत्तीस वर्षं मी वर्गात उभी राहून पोरींना समानतेचं कलम शिकवते आहे. ते पुस्तकातून रस्त्यावर कधी आणायचं? निवृत्त झाल्यावर?

१२ जानेवारी, रविवार

वसू आली! पावणेसहाला दाराशी उभी. धुकं इतकं की आधी तिचा दिवा दिसला, मग ती. पारीछापर्यंत जाऊन आलो, पन्नास किलोमीटर.

मी म्हटलं, “रागावली होतीस?”

“नाही.”

“मग फोन?”

“विचार करत होते, जमेल का.”

“जमणारच. न जमून कसं चालेल?”

तिने पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. ती अशीच. मी अकरा वर्षांची होते तेव्हा तिचे वडील भुसावळहून बदली होऊन इथे आले. रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या उंच सायकलवर, नळीखालून पाय घालून, रेल्वे कॉलनीच्या मैदानात आम्ही दोघी शिकलो. मी पडले की मैदानभर ऐकू जायचं. ती पडली की मला तिच्या कोपरावरून कळायचं.

१४ जानेवारी

महाराष्ट्र मंडळात संक्रांतीचं हळदीकुंकू. नारायणराव मंडळाचे सचिव. तिळगूळ हातावर ठेवून म्हणाले, “आज तरी गोड बोला, अनुसूयाबाई.” आणि वर माइकही दिला. चूक त्यांची.

दोनशे किलोमीटरबद्दल बोलले. जोडीच्या नियमाबद्दल बोलले. ‘वसुंधरा आणि मी सोळा तारखेला हा नियम मोडून दाखवू,’ असं सांगितलं. नारायणराव खाली उतरल्यावर म्हणतात, “हे वय नातवंडं खेळवायचं.” त्यांना विचारलं, “तुम्ही खेळवता?” बायका हसल्या. नारायणराव लाडू मोजायला आत गेले.

वसू वाण वाटत होती. माझं बोलणं संपलं तसा तिला सगळ्यांनी गराडा घातला – अगं तूसुद्धा? तुला झेपेल? सुट्टी मिळेल? ती हसत होती. मला वाटलं, तिला बरं वाटतंय.

१९ जानेवारी

ऐंशी किलोमीटर. मांड्या दगड झाल्यात. जिना बसून बसून उतरले. श्रीकृष्णांनी पाहिलं आणि वर्तमानपत्र वर धरलं.

२ फेब्रुवारी, रविवार

मऊरानीपूर करून आलो, जाऊन-येऊन एकशे तीस. शेवटचे वीस किलोमीटर उजवा गुडघा बोलत होता. मी उत्तर दिलं नाही.

वसूची एक पद्धत आहे. निघण्याआधी ती बॉलपेनने डाव्या मनगटावर वेळा लिहिते – कुठे किती वाजता पोचायचं, किती वाजता निघायचं. औषधाच्या बाटलीवर डोस लिहावा तितक्या बारीक अक्षरात. निवाडीला चहा प्यायला बसले, टपरीवाल्याशी निवडणुकीवर वाद रंगात आला होता, तर हिने मनगट पुढे केलं. “चार मिनिटं जास्त झाली.”

“अगं, चार मिनिटं!”

“दोनशेत अशी पंधरा ठिकाणं आहेत.”

ऐकलं मी. पण त्या टपरीवाल्याचा मुद्दा साफ चुकीचा होता.

९ फेब्रुवारी

सर्दी. घरीच. वसू एकटीच गेली, नव्वद करून आली. फोनवर आवाज अगदी हलका वाटला. “छान वारा होता,” म्हणाली. एवढंच. छान वारा!

१५ फेब्रुवारी

चिक्की, केळी, मीठ-साखरेचं पाणी, दोन जास्तीच्या ट्यूब. निशांतचा मेसेज – अठ्ठावीस पुरुष आणि ‘एक महिला जोड़ी’. मी उत्तर पाठवलं, उद्या संध्याकाळनंतर हा शब्द वापरायला मिळणार नाही, आजच वापरून घ्या. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सात बावीस. आठ मिनिटं राखून.

१७ फेब्रुवारी

कॉलेजला रजा. बोटं पेन धरतायत, पाय काही धरत नाहीत. सगळं लिहायचं. जे मला आवडत नाही तेही.

सहाला इलाइट चौराहा सोडला. थंडी होती, धुकं नव्हतं. पुरुष मंडळी पहिल्या दहा किलोमीटरमध्ये दिसेनाशी झाली. ‘आइए दीदी, आराम से आइए’ म्हणत गेली. आराम से! चिरगावला आम्ही त्यांच्यातल्या चौघांना मागे टाकलं, ते समोशाच्या दुकानात आराम से बसले होते.

गुरसरायला पावणेअकराला पोचलो. शिक्क्याची वेळ अकरा चाळीसपर्यंत होती. जवळजवळ तासाभराची बचत. वसूच्या मनगटावर लिहिलं होतं, अकराला निघायचं. मिठाईच्या दुकानात क्लबचा माणूस बसला होता. त्याने कार्डावर शिक्का मारला, वसूने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलं. कार्ड तिच्याकडेच होतं, माझ्याकडे हरवतं.

बाकड्यावर एक गृहस्थ दूध पीत बसले होते. आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाले, “काए बाई, संगे कोऊ मरद नईं आओ?”

तेवढं सोडून देता आलं असतं. गुरसरायला एके काळी आपल्या लोकांची जहागीर होती. आता मराठीत शिवी द्यावी तर समजणारं कुणी नाही. म्हणून हिंदीत बोलले. शिवी नाही दिली. विचारलं, तुमच्या घरातली बाई विहिरीवर, शेतावर, माहेरी जाते तेव्हा सोबत कोण असतं? तो उत्तर देऊ लागला. मी त्याला उत्तर देऊ लागले. पाच माणसं होती, पंधरा झाली, मग रस्त्याच्या पलीकडूनही माणसं आली. एक मुलगी, कोचिंगची बॅग पाठीला, पुढे येऊन माझ्या सायकलच्या हँडलला हात लावून म्हणाली, “मुझे भी साइकिल मिली थी, मैडम. भाई ले जाता है.” मग तर मला थांबताच येईना. तिला काय, तिच्यामागे उभ्या सगळ्यांना सांगितलं, की ज्या घरात पोरीची सायकल भाऊ नेतो त्या घरात – जाऊ दे, ते इथे कशाला लिहू. छान बोलले. टाळ्या झाल्या. दूध पिणाऱ्यानेही वाजवल्या.

वळले तर वसू रस्त्याकडेला सायकलवर एक पाय टेकून उभी. डोक्यावर हेल्मेट, हातमोजे चढवलेले. म्हणजे ती केव्हापासून अशी उभी होती?

“अकरा पस्तीस,” ती म्हणाली.

गरौठ्याचा रस्ता मेला मध्येच उखडलेला. खडी, खड्डे, समोरून वारा. गरौठ्याच्या पुढे माझ्या मागच्या चाकातली हवा गेली. वसूने सायकल उलटी केली, चाक काढलं, टायरच्या आत बोट फिरवून काटा शोधला, ट्यूब बदलली. मी पंप धरून उभी. मी तीन वेळा बोलायला तोंड उघडलं आणि तीन वेळा जे मनात आलं ते रस्त्याबद्दल होतं.

मऊरानीपूर. शिक्क्याची वेळ दोन अठ्ठेचाळीसपर्यंत. आम्ही दोन सेहेचाळीसला पोचलो. शिक्का मारणारा पोरगा सामान आवरत होता. “अरे, दीदी लोग आ गईं,” म्हणाला आणि शिक्का पुन्हा पिशवीतून काढला.

दुकानाच्या पायरीवर केळी खात होतो. मी म्हटलं, “बघ, मिळाला की नाही?”

वसूने साल पिशवीत घातलं. मग माझ्याकडे न बघता बोलली. तिचं इतकं बोलणं मी एकेचाळीस-बेचाळीस वर्षांत ऐकलेलं नाही.

“पस्तीस मिनिटं उभी होते मी. तू एकदा वळून पाहिलं नाहीस.”

“ती पोरगी होती, वसू. तिला –”

“ती पोरगी शेवटी होती. आधीची वीस मिनिटं तो दूधवाला होता. थांब, बोलू दे. त्या दिवशी दुकानात तू माझं नाव लिहिलंस. मला विचारलं नाहीस. मंडळात माझ्या वतीने बोललीस. तेव्हाही नाही विचारलंस. निशांत म्हणतो, बाईने एकटं जायचं नाही, आणि तू म्हणतेस, वसुंधरा आणि मी. मला दोन्हीकडून कुणी विचारतच नाही.”

“मग नाही म्हणायचं होतंस.”

“कधी? टाळ्या वाजत असताना?”

मी भरल्या सभेत आमदाराला गप्प केलेलं आहे. तिला एवढंच विचारता आलं, “तुला यायचंच नव्हतं का?”

“यायचं होतं गं. तेच तर म्हणते. मला फार यायचं होतं.”

तिने मनगट पाहिलं. लिहिलेल्या वेळा सगळ्या खोट्या ठरल्या होत्या. थुंकी लावून तिने त्या पुसून टाकल्या आणि दुसऱ्या मनगटावर नव्या लिहिल्या. “अडुसष्ट किलोमीटर. तीनला निघायचं. मी पुढे. तू माझ्या चाकाच्या मागे राहा, हातभर अंतरावर. वारा मी घेते. आणि अनू – बोलू नकोस.”

नाही बोलले. खोटं सांगत नाही, अडुसष्ट किलोमीटर बोलले नाही. तिच्या मागच्या चाकाकडे पाहत राहिले. गुडघा आत सुई टोचावी तसा दुखत होता. तेही बोलले नाही. निवाडीला ती थांबली नाही. बरुआसागरला पाच मिनिटं थांबली, आल्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि चढली. बेतवाच्या पुलावर सूर्य गेला. तिथे मला वाटलं, मी मागे पडले तर हिचाही शिक्का गेला. ती ह्या क्षणी माझ्याशिवाय झाशीत असती. आणि कार्डावर दोन नावं आहेत, म्हणून ती माझा वारा अंगावर घेते आहे.

इलाइट चौराह्याला ऑटोंची तीच रोजची कोंडी. वसू त्यांच्यातून वाट काढत गेली, मी तिच्या मागे. सदर बाजारात दुकानासमोर क्लबची मंडळी उभी होती. सात बावीस.

निशांतने कार्ड घेतलं, घड्याळ पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. “नियम गया, दीदी. अगली राइड से लेडीज़ अपना-अपना कार्ड लेंगी.” त्याने खरंच सगळ्यांसमोर सांगितलं. शब्दाला जागला, हे लिहून ठेवलं पाहिजे. कुणीतरी खुर्ची आणली. खुर्चीवर बसायचं सोडून मी तिच्यावर चढून बोलले. हो, बोलले! नियम माणसांनी केलेले असतात आणि माणसांच्याच पायांनी मोडतात. तलवारी आपापल्या घरी न्या. खूप टाळ्या.

“और मेरी साथी –” म्हणून हात केला तर वसू नव्हती. मेकॅनिक म्हणाला, “वो तो निकल गईं. कल सुबह की ड्यूटी है बोलीं.”

१८ फेब्रुवारी

हिंदी पेपरात छापून आलं. माझा खुर्चीवरचा फोटो. खाली – ‘शिक्षिका ने सहेली संग नापे दो सौ किलोमीटर’. सहेली! नाव नाही. वारा जिने अंगावर घेतला तिचं नाव नाही. संपादकांना कडक पत्र लिहिलं. मग पत्र पुन्हा वाचलं. तिला न विचारता मी तिच्याबद्दल पुन्हा एक भाषण लिहिलं होतं. पाठवलं नाही.

पण गुरसरायला मी चुकले असंही मी म्हणणार नाही. ती पोरगी घरी जाऊन भावाशी भांडली असेल. एक जरी पोरगी भांडली असेल तर ती पस्तीस मिनिटं वाया गेली नाहीत. हे मी कुणालाही सांगेन. वसूलाही.

१९ फेब्रुवारी

वसूला सांगितलं नाही.

तिच्या खिडकीसमोरच्या रांगेत उभी राहिले, माझ्यापुढे सात माणसं. माझा नंबर आला तेव्हा म्हटलं, “गुडघ्यासाठी काही आहे?”

“तुमचं रेल्वेचं कार्ड आहे का, बाई?” अगदी सरळ चेहऱ्याने.

“नाही.”

“मग इथून मिळणार नाही. घरी ये संध्याकाळी, बर्फ देते.”

मागचा म्हातारा म्हणाला, “जल्दी करो बहनजी.” मी त्याला काही बोलले नाही.

संध्याकाळी गेले. पाय स्टुलावर, टॉवेलात बर्फ. मी म्हटलं, “नाव लिहिण्याआधी विचारायला हवं होतं.” ती म्हणाली, “हो.” मग वाटाणे सोलत बसलो. एवढं एक वाक्य बोलायला मला तीन दिवस लागले. दोनशे किलोमीटरला तेरा तास बावीस मिनिटं.

२४ फेब्रुवारी

कॉलेजातल्या दोघी पोरींनी विचारलं, क्लबात नाव कसं घालायचं. सांगितलं, स्वतःच्या हाताने.

२ मार्च, रविवार

तेवीस मार्चच्या तीनशे किलोमीटरची यादी क्लबच्या ग्रुपवर आली. एकोणीस पुरुष आणि एक बाई. वसुंधरा. एकटी, स्वतःच्या कार्डावर. मला तिने काही सांगितलं नव्हतं.

दुपारी निशांतचा फोन. “दीदी, आपका नाम रह गया शायद. वसुंधरा दीदी के साथ लिख दूँ?”

“नहीं, भैया. वो अकेली जाएँगी. इसी के लिए तो लड़े थे.”

फोन ठेवला. मग यादी पुन्हा उघडून तिचं एकटीचं नाव वाचलं.